विलायतेचे शिक्षण : आधी हिशेब, मग पासपोर्ट



या पत्रकातून दर हंगामात मी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट आणि खोडवा यांविषयी आपल्याशी बोलत असतो. यावेळी वरवर पाहता माझ्या खात्याबाहेरचा विषय घेतला आहे. पण तो आता खात्याबाहेरचा राहिलेला नाही. ऊसनोंदीचा आणि मागील तीन वर्षांच्या ऊसबिलांचा दाखला घ्यायला सभासद गटकार्यालयात येतात. पूर्वी हा दाखला पाइपलाइनसाठी, ट्रॅक्टरसाठी किंवा विहिरीच्या कर्जासाठी लागे. हल्ली "कशाला पाहिजे?" म्हणून विचारले तर अधूनमधून उत्तर येते, "पोरगं यूकेला चाललंय साहेब, एम.एस्सी. करायला."

ऐकून आनंद होतो. ज्याच्या आजोबाने मोट हाकली, त्याचा नातू इंग्लंडच्या विद्यापीठात बसणार, ही लहान गोष्ट नव्हे. पण पुढचे प्रश्न विचारले की आनंद ओसरतो. विषय कोणता? सभासद एजंटाच्या कागदाकडे बघतात. विद्यापीठ कोणत्या गावी? "लंडनच्या बाजूलाच हाय म्हणत्यात." कर्ज फेडणार कसे? "तिकडं नोकरी लागंल की!"

माझे भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी. ब्रिटिश विद्यापीठातले शिक्षण चांगलेच आहे आणि ज्याची तयारी आहे त्या मुला-मुलीने तिकडे जरूर जावे. परंतु "नोकरी लागंल की" एवढ्या भरवशावर जमीन विकणे किंवा घर तारण टाकणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः कृषी पदविकेपर्यंतच शिकलो. तिकडच्या विद्यापीठाविषयी मोठेपणाने सांगण्याचा अधिकार मला नाही. पण तुमच्या एकरी उताऱ्याचा आणि बिलाचा हिशेब मला पाठ आहे, आणि आजचा विषय त्या हिशेबाचाच आहे.

आपल्या आधी कोण गेले?

विलायतेचे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली अमेरिकेहून लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी नोकरी केली आणि पगारातून पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसनवारी घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. करून बॅरिस्टरही झाले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहायचा हे त्यांचे पक्के होते. पैसा संपला तेव्हा थांबले, पण विषय सोडला नाही.

दुसरे नाव आपल्या घरचेच म्हणायला हवे. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकले. हिंदुस्थानच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. परत येऊन त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा घेतली. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयरावच होते. आज आपण ज्या सहकाराच्या काट्यावर ऊस घालतो, त्याच्या पायात केंब्रिजचे शिक्षणही आहे, हे विसरू नये.

म्हणून "तिकडे जाऊच नका" असे सांगणारा मी नव्हे. हे दोघे गेले ते विषय घेऊन गेले. आज आपल्याकडे विषय शेवटी ठरतो आणि देश आधी ठरतो. इथेच गणित फिसकटते.

त्यांना आपण का हवे असतो?

एक गोष्ट नीट समजून घ्या. १९६७ पर्यंत ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला आणि तिथल्या विद्यार्थ्याला सारखीच फी असे. त्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांची फी वेगळी आणि जास्त झाली. १९८० पासून तर शिक्षणाचा पूर्ण खर्च परदेशी विद्यार्थ्याकडून वसूल करण्याचे धोरण आले. इंग्लंडमध्ये तिथल्या मुलांच्या पदवीच्या फीवर सरकारची मर्यादा आहे. २०१७ ते २०२५ अशी आठ वर्षे ती ९,२५० पौंडांवरच अडकली होती. महागाई मात्र वाढत राहिली. परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर अशी मर्यादा नाही. तेव्हा तूट भरून काढायची कुठून, तर आपल्याकडून.

यात त्यांची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. संस्था चालवायची तर पैसा लागतो, ते आपल्या कारखान्यालाही चुकलेले नाही. पण एजंट जेव्हा म्हणतो, "तुमच्या मुलाची निवड झाली," तेव्हा ती निवड प्रत्येक वेळी गुणवत्तेचीच असते असे नाही. काही विद्यापीठांत प्रवेश खरोखर अवघड आहे. काही ठिकाणी पदवी, इंग्रजी परीक्षेचे गुण आणि पैसा एवढे असले की जागा मिळते. दोन्हींना "ब्रिटिश विद्यापीठ" हेच नाव असते.

आता हिशेब मांडू

लंडनबाहेरच्या एखाद्या मध्यम विद्यापीठाची एक वर्षाच्या एम.एस्सी.ची फी १८,००० पौंड धरू. कमी-जास्त असू शकते. नामांकित ठिकाणी ती ३० हजारांच्या वरही जाते. लंडनबाहेर राहण्या-खाण्याला महिन्याला १,१७१ पौंड लागतात, असे ब्रिटिश सरकारने व्हिसासाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवले. बारा महिन्यांचे १४,०५२ पौंड झाले. विद्यार्थी व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झाली. तिकडच्या सरकारी दवाखान्यांसाठीचा अधिभार विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे. व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त मिळतो, म्हणून तो दीड वर्षाचा म्हणजे १,१६४ पौंड पडतो.

बेरीज ३३,७४० पौंड. पौंडाला ११५ रुपये धरले तर ३८ लाख ८० हजार. विमानाचे भाडे आणि थंडीचे कपडे धरून ३९ लाख म्हणू. लंडनमध्ये राहायचे झाले तर सरकारी हिशेबानेच महिन्याला १,५२९ पौंड लागतात, म्हणजे वर्षाला आणखी पाच लाख.

आता हेच उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतूक जाऊन हातात ३,००० रुपये येतात असे धरा. ३९ लाख म्हणजे १,३०० टन ऊस. एकरी ४० टन उतारा पडणाऱ्या अडीच एकरवाल्या सभासदाचा वर्षाला १०० टन ऊस होतो. म्हणजे तेरा वर्षांचे संपूर्ण बिल. त्यात खत नाही, मशागत नाही, पाणीपट्टी नाही, आणि घरात चूलही पेटवायची नाही.

कर्ज काढले तर? ३० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी धरा. वर्षाचे व्याजच ३ लाख ३० हजार, म्हणजे ११० टन. अडीच एकरांतला सगळा ऊस व्याजालाही पुरत नाही. शिक्षणकर्जाला हप्त्याची सवलत असते ती साधारणपणे शिक्षणाची मुदत आणि पुढे एक वर्ष. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. मोठ्या रकमेला तारण लागते आणि शेतजमीन तारण घ्यायला बहुतेक बँका तयार नसतात. मग घर जाते, प्लॉट जातो, नाहीतर खासगी संस्थेचे चढ्या व्याजाचे कर्ज येते. काही जण सरळ एकर-दीड एकर विकून मोकळे होतात. विकलेली बागायत पुन्हा मिळत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

"पोरगं तिकडं काम करून भागवंल," असेही म्हणतात. नियम काय आहे? विद्यार्थ्याला शिकण्याच्या काळात आठवड्याला २० तासच काम करता येते. एम.एस्सी.च्या मुलांना उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो, म्हणून तो काळही सहसा शिकण्यातच मोजतात. स्वतःचा धंदा करायला बंदी आहे. एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांवरील कामगाराचा किमान दर ताशी १२.२१ पौंड झाला. वीस तासांचे आठवड्याला २४४ पौंड, महिन्याचे सुमारे १,०५८. एकही आठवडा न चुकता काम मिळाले तरी राहण्या-खाण्याचे १,१७१ भरत नाहीत. फीला तर हातही लागत नाही. आणि जो मुलगा रात्री गोदामात पेट्या उचलतो, तो सकाळी वर्गात काय ऐकणार?

नियमांचे पीक दर हंगामाला वेगळे

आता त्या नोकरीकडे वळू. शिक्षण संपल्यावर तिकडे राहून काम करण्याची परवानगी २०१२ साली बंद केली होती. जुलै २०२१ मध्ये ती दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली आणि आपल्याकडून जाणाऱ्यांची रांग वाढली. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना नवरा-बायको, मुले सोबत नेण्यास मनाई झाली. सवलत मुख्यतः पीएच.डी. आणि तत्सम संशोधनाच्या विद्यार्थ्यांना राहिली. राहण्याच्या दोन वर्षांनाही कात्री लागली आहे. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज होतील, त्यांत पदवी आणि एम.एस्सी.वाल्यांना दीडच वर्ष मिळते.

हे दीड वर्ष नोकरी शोधण्याचे आहे, कायम राहण्याचे नव्हे. पुढे राहायचे तर परवानाधारक मालकाची नोकरी आणि ठरलेला पगार पाहिजे. एप्रिल २०२४ पूर्वी ही पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २६,२०० पौंड होती. तेव्हा ती एकदम ३८,७०० झाली आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. नुकतेच शिकून निघालेल्यांना सवलत आहे, पण तीही ३३,४०० पौंडांची. दुकानात किंवा हॉटेलात काम करून एवढा पगार मिळत नाही.

ते त्यांचे राज्य आहे आणि नियम करण्याचा अधिकार त्यांचाच. आपण फक्त एवढे लक्षात घ्यावे की कर्ज दहा-पंधरा वर्षांचे आणि नियम दोन-तीन वर्षांचे. आपल्याकडे पावसाचा भरवसा नाही म्हणून आपण विहीर काढली. इथे मात्र सगळी लागण कोरडवाहू करतो आहोत.

एजंट आणि 'दाखवायचे पैसे'

एजंट आपल्याकडून फी घेत नाही, याचे अनेकांना कौतुक वाटते. अहो, विद्यापीठ त्याला प्रवेशामागे कमिशन देते. खताच्या दुकानदाराला विचारले, "एकराला किती पोती टाकू?" तर तो कमी सांगेल काय? सगळेच एजंट वाईट नसतात, पण त्याचा सल्ला हा विकणाऱ्याचा सल्ला आहे हे धरून चालावे.

याहून गंभीर बाब 'दाखवायच्या पैशां'ची आहे. व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा खर्च खात्यावर सलग २८ दिवस दिसावा लागतो. लंडनबाहेर हा खर्च १०,५३९ पौंड, म्हणजे बारा लाखांच्या वर. नियम चांगल्या हेतूचा आहे, मुलाची उपासमार होऊ नये म्हणून. पण काही ठिकाणी एजंटच म्हणतो, "पैशाची काळजी करू नका, महिनाभरासाठी व्याजाने मिळतील." व्हिसा निघाला की पैसा सावकाराकडे परत, आणि पोरगं रिकाम्या खिशाने विमानात. त्याहून वाईट म्हणजे खोटी कागदपत्रे. फसवणूक उघडकीस आली तर दहा वर्षे त्या देशाचे दार बंद होऊ शकते. शिक्का मुलाच्या नावावर बसतो, एजंटाच्या नव्हे.

तिकडे शिकवतात कसे?

परत आलेल्या काही मुलांशी बोललो. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट समान निघाली. तिथे आठवड्याला व्याख्याने थोडी आणि वाचन फार. गाइड नाही, अपेक्षित प्रश्नसंच नाही. दिलेल्या विषयावर पाच-दहा लेखकांचे मत वाचायचे, मग स्वतःचे मांडायचे. दुसऱ्याचे वाक्य आपले म्हणून उतरवले तर चौकशी होते. एम.एस्सी. साधारण १८० क्रेडिटची असते आणि त्यांतले ६० बहुधा प्रबंधाचे. ५० गुणांना पास आणि ७० म्हणजे सर्वोच्च श्रेणी. मुलगा फोनवर ६२ गुण सांगतो आणि इकडे बाप म्हणतो, "एवढंच?" वास्तविक ते चांगले गुण असतात.

ही शिस्त अंगी बाणली तर मुलाचे सोने होते. ज्याला वाचायची सवय आहे, स्वतःच्या विषयाची ओढ आहे, इंग्रजीत चार पाने लिहिता येतात, त्याला तिथे एका वर्षात जे मिळते ते इथे पाच वर्षांत मिळणे कठीण. ज्याला यातले काही नाही, त्याच्या हाती फक्त कागद येतो.

विषयाचेही पाहावे. तिकडे ऊस पिकत नाही. त्यांची घरची साखर बीटापासून होते. उसाचे ज्ञान हवे तर कोइमतूर, पाडेगाव आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आपल्या दाराशी आहेत. को ८६०३२ हे वाण विलायतेहून आलेले नाही. मात्र जमिनीचे शास्त्र, पीकपैदास, अन्नप्रक्रिया यांसारख्या विषयांसाठी रीडिंगचे विद्यापीठ आहे, श्रॉपशायरमधले हार्पर अॅडम्स आहे. रोथॅमस्टेडला १८४३ पासून एकाच शेतात गव्हावर खताचे प्रयोग चालू आहेत. अशा देशात शेती शिकायला जाणे वेगळे, आणि नाव न ऐकलेल्या ठिकाणी 'मॅनेजमेंट' करायला जाणे वेगळे.

"मग आमच्या पोरांनी इथंच ऊस तोडायचा का?"

हा प्रश्न मला तोंडावर विचारला गेला आहे आणि तो खोटा नाही. जमिनीचे तुकडे पडले. अडीच एकरात दोन भाऊ बसत नाहीत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी देत नाहीत. बापाला वाटते, एकाने तरी बाहेर पडावे. ही तळमळ मी समजतो. पण बाहेर पडण्याची वाट शोधताना मागे राहिलेल्यांची जमीन गेली, तर बाहेर एक पडला आणि घरात चार बुडाले असे होते. त्यांत बहुधा बहीण असते. तिच्या शिक्षणाच्या वेळी "पैसे नाहीत" हे उत्तर तयार असते. घरात जास्त गुण मुलीचे असतील, तर हिशेब तिच्या नावाने मांडून पाहावा.

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, हे आपले वाडवडील सांगून गेले. खोडवा ठेवायचा तर बुडखा जमिनीत राहिला पाहिजे.

करावे काय?

१) आधी विषय, मग विद्यापीठ, मग देश. मुलाने आपला विषय आणि तोच का, हे मराठीत दोन पाने लिहून दाखवावे. जमले नाही तर अजून एक वर्ष थांबावे.

२) आधी शिष्यवृत्ती शोधावी. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा समाजासाठी सारथीमार्फत योजना आहे. आदिवासी आणि इतर मागास घटकांसाठीही वेगळ्या योजना आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाचा खर्च उचलते. तिला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. राष्ट्रकुलाचीही शिष्यवृत्ती आहे. अटी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून वर्षभर आधी तयारीला लागावे.

३) पदवीनंतर लगेच पाठवण्याऐवजी दोन वर्षे नोकरी करू द्यावी. अनुभव मिळतो, शिष्यवृत्तीचे दार उघडते आणि मुलाला स्वतःच्या पैशाची किंमत कळते.

४) विद्यापीठाला परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना आहे का, हे ब्रिटिश सरकारच्या जाहीर यादीत स्वतः तपासावे. व्हिसा नाकारला तर भरलेली फी किती आणि कधी परत मिळेल, हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे.

५) कर्जाचा हप्ता इथल्या पगारातून फिटेल का, हे आधी पाहावे. मुलगा शिकून परत आला आणि पुण्यात नोकरीला लागला, असे धरूनच गणित करावे. तिकडे नोकरी लागली तर तो वरचा नफा समजावा.

६) राहते घर आणि पाण्याखालची जमीन या दोन गोष्टींना हात लावू नये.

संचालक मंडळाकडेही माझी नम्र सूचना आहे. ठिबकासाठी आणि बेण्यासाठी आपण सभासदांना मार्गदर्शन करतो. तसे वर्षातून एकदा, बारावीचे आणि पदवीचे निकाल लागल्यावर, परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची माहिती देणारी सभा प्रत्येक गटात घ्यावी. परत आलेल्या मुला-मुलींना तिथे बोलवावे. एजंटाला बोलवू नये. हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, अशी विनंती मी या पत्रकातून करतो.

दाखला मागणाऱ्या कोणालाही तो नाकारला जाणार नाही, तो तुमचा हक्क आहे. मात्र येताना प्रवेशाचा कागद, फीचे पत्रक आणि बँकेचा हप्ता लिहिलेली चिठ्ठी सोबत आणा, आणि ज्याला जायचे आहे त्यालाही आणा. ऊसनोंदीचे काम आटोपले की दुपारी तीननंतर मी गटकार्यालयात असतो. एका पाटीवर मिळून हिशेब मांडू.



आपला,
ऊस विकास अधिकारी